पट्टीतल्या राखाडी ओळी

सोमवार, ४ मार्च

लागले बाई एकदाची कामाला! नवं गाव, नवं घर, नवी नोकरी, आणि म्हणून ही नवी वही. मागच्या सगळ्या वह्या चार पानांनंतर रद्दीत गेल्या, पण या वेळी नेटाने लिहायचं ठरवलंय.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दार खांद्याने ढकलल्याशिवाय उघडत नाही आणि स्वयंपाकघरात दोघं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. पण उजेड भरपूर. बुटकीने आल्या आल्या खिडकीची खोली बळकावली. सात वर्षांची पोर, पण हक्क गाजवण्यात आजेसासू! भिंतीवर चांदण्या चिकटवून झाल्यासुद्धा. नवरोबांनी दुसऱ्या खोलीत टेबल मांडलं. त्याचं भाषांतराचं काम घरूनच चालतं, त्याला काय, खुर्ची आणि चहा मिळाला की कुठलंही गाव सारखंच.

ऑफिस छान आहे. ही कंपनी दुकानांना आणि छोट्या ऑफिसांना कॉम्प्युटर पुरवते आणि ते अडले की फोनवर मदत करते. माझं काम म्हणजे रोज सकाळी सगळ्या गिऱ्हाइकांना ब्राउझरची एक युक्ती लिहून पाठवायची. मला तर हे काम म्हणजे फुकट लाड वाटतात. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबून परत आणता येतो, हे मी मॅडमना करून दाखवलं तर त्यांनी तोंडात बोटच घातलं. एवढी वर्षं कॉम्प्युटर विकतायत!

एक गंमत. इथे सगळे ब्राउझरच्या एकाच अकाउंटवर काम करतात. मॅडमनी कंपनी काढली तेव्हाचं ते अकाउंट. आणि त्याची हिस्टरी कुणीही, कधीही पुसत नाही. माझ्यासमोर बसणारी, दिवसभर फोन घेणारी बाई (तिचं नाव मी मनातल्या मनात फोनवाली ठेवलंय) म्हणाली की इथली रीतच आहे तशी, का ते तिलाही ठाऊक नाही. मला तर हे खरकटी भांडी तशीच ठेवून झोपण्यासारखं वाटलं. पण पहिल्याच दिवशी शहाणपणा नको म्हणून गप्प बसले.

शुक्रवार, ८ मार्च

आठवडा मजेत गेला. ब्राउझरच्या वरच्या, पत्ता टाइप करायच्या पट्टीतच हिशेब टाइप केला तर उत्तर तिथेच मिळतं, ही युक्ती पाठवली. एका दुकानदाराने फोन करून सांगितलं की त्याने कॅल्क्युलेटर मुलाला देऊन टाकला. बडबडणाऱ्या टॅबचा आवाज एका टिचकीत बंद करायची युक्ती तर इतकी आवडली की मॅडम म्हणाल्या, अशी टिचकी नवऱ्यासाठी असती तर! फोनवाली हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी होती.

ऑफिसचं अकाउंट घरच्या लॅपटॉपवरही घेतलं, म्हणजे घरून काही लिहिता येईल.

आज पट्टीत ‘न’ टाइप केला तर पुढे राखाडी अक्षरांत आलं, ‘नळाचं वायसर कसं बदलावं’. आपण आधी शोधलेलंच ब्राउझर असं पुढे करतो, तेव्हा कुणीतरी शोधलं असणार. आणि घरी येऊन बघते तर आमचा नळ धो धो गळतोय! नवरोबा बादली धरून उभे. मी सरळ जाऊन तीच ओळ उघडली आणि वायसर बदललं. त्याने विचारलं, कुठे शिकलीस. मी म्हटलं, ऑफिसात.

गुरुवार, १४ मार्च

परत तसंच झालं. ‘ब’ टाइप केला, तर ‘बसचा पास हरवल्यास दुसरा कसा काढावा’. दुपारी पर्समध्ये पास नाही. मग नीट बघितलं. त्या ओळीची हिस्टरीत तारीखच नाही. कुणी शोधलेलीच नाही. म्हणजे जे मी पुढे शोधणार आहे, ते पट्टी आधीच सांगते. फोनवालीला सांगितलं तर ती म्हणाली की तिच्याही पट्टीत कधीकधी तसं येतं, ती बघत नाही. मला मात्र ऐट वाटली. फुकटचा ज्योतिषी मिळाला!

माझ्या आधी या खुर्चीवर जी बाई होती, तिचा एक पासवर्ड अजून साठवलेला आहे. विसरल्यास विचारायचा प्रश्न, ‘मुलाचं नाव’. फोनवाली म्हणाली, काहीतरीच, ती तर एकटी होती, मूल कुठलं?

मंगळवार, १९ मार्च

सकाळी लायब्ररीचं पान उघडायला ‘ल’ टाइप केला आणि आलं, ‘लहान मुलीला कांजिण्या झाल्यास काय करावं’. बुटकीच्या वर्गात दोन मुलं आधीच आजारी आहेत.

मग म्हटलं, अगं, युक्त्या शिकवणारी तूच ना? नको असलेली ओळ पट्टीतून काढता येते. बाणाने त्या ओळीवर जायचं, शिफ्ट धरायचं आणि डिलीट दाबायचं. ओळ गेली. सहज म्हणून केलं, खरं तर. तीच आजची युक्ती म्हणून पाठवूनही दिली.

सोमवार, २५ मार्च

निम्मा वर्ग कांजिण्यांनी झोपलाय आणि आमची बुटकी घरात नाचतेय. एक पुळी नाही अंगावर! माझा जीव भांड्यात पडला. आणि खरं सांगू, थोडा गर्वही झाला. कुठल्या आईला जमलंय हे?

बुटकी मात्र रुसून आली. म्हणे बाईंनी हजेरी घेताना तिला हाकच मारली नाही. तिने ‘मी आहे’ म्हणून सांगितलं, तर बाई म्हणाल्या, हो का, आणि पुढचं नाव घेतलं. नवी शाळा, बाईंच्या लक्षात राहत नसेल.

आज ‘ह’ टाइप केल्यावर, ‘हात मोडल्यावर प्लास्टर किती दिवस ठेवतात’. शिफ्ट, डिलीट. संध्याकाळी बुटकी घसरगुंडीवरून पडली. धुरळा झटकून उठली. खरचटलंसुद्धा नाही.

गुरुवार, २८ मार्च

काहीतरी चुकतंय.

खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, मूलबाळ नाही का अजून. बुटकी माझा हात धरून उभी होती. मी तिला पुढे केलं. काकू दचकल्या, म्हणाल्या, अगं बाई, ही होय, दिसलीच नाही.

नवऱ्याने येताना सफरचंदं आणली. दोनच. मी विचारलं, तिसरं? तो म्हणाला, तिसरं कुणाला, मग कपाळावर हात मारून परत खाली गेला. आणि बुटकीने आज मला विचारलं, आई, मी इथेच आहे ना? मी तिला पोटाशी धरलं. वजन कमी वाटलं का? नाही, नाही, माझ्या मनाचे खेळ.

कांजिण्या पुसल्या, हात मोडणं पुसलं. प्रश्न पुसला जातोय खरा. पण प्रश्न पडूच नये म्हणून पट्टी नेमकं काय पुसतेय? उद्यापासून हात लावायचा नाही. काही आलं तरी नाही.

शुक्रवार, २९ मार्च

मुख्य पान उघडायला ‘मु’ टाइप केला.

‘मुलगी शाळेतून घरी आली नाही तर कुठे कळवावं’

कालच ठरवलं होतं. पण कुठली आई ही ओळ बघून हात बांधून बसेल? बोटं आपोआप गेली. शिफ्ट —

मंगळवार, २ एप्रिल

चार दिवस लिहायचं राहूनच गेलं. वर काय लिहिलंय ते बघायचाही कंटाळा आला, सरळ पुढून सुरू करते.

दिवस निवांत चाललेत. घर आम्हा दोघांना जरा मोठंच पडतं. खिडकीची खोली रिकामीच आहे. आधीच्या भाडेकरूंपैकी कुणीतरी भिंतीवर चांदण्या चिकटवल्यात, नखाने खरवडून निघत नाहीत. नवरोबा म्हणतात तिथे पुस्तकं ठेवू.

आज गंमतच झाली. दुकानात गेले आणि हात आपोआप लहान मुलांच्या मोज्यांकडे गेला. चक्क घेऊनही आले. लाल, टाचेवर ससा असलेले. दोघंही हसलो. मग मी का कोण जाणे, स्वयंपाकघरात जाऊन रडले. दमले असेन.

बुधवार, ३ एप्रिल

सकाळी ऑफिसात वही उघडली. मागची पानं वाचली.

बुटकी कोण?

अक्षर माझं आहे. नळ, पास, सफरचंदं, सगळं आठवतंय. दोन सफरचंदं आठवतात. तिसरं नाही. हात धरून जिन्यात कुणी उभं असल्याचं नाही. मी असं लिहीन का, नसलेल्या मुलीबद्दल? मी तर कधी साधी गोष्टसुद्धा लिहिली नाही.

नवऱ्याला फोन करून विचारलं, आपल्याला मुलगी आहे का. तो हसला. मग म्हणाला, तू बरी आहेस ना?

माझ्या आधीच्या बाईचा नंबर फोनवालीकडून घेतला. तिला विचारलं, तुम्हाला मूल होतं का? म्हणाली, छे, मी एकटीच. मी फोन ठेवणार तेवढ्यात हळूच म्हणाली, पण रोज दुपारी शाळा सुटायच्या वेळी मी फाटकापाशी जाऊन उभी राहते. सगळी मुलं जातात. मग मी घरी येते. का जाते ते कळत नाही. तिने मलाच विचारलं, तुम्हाला माहीत आहे का?

मला माहीत आहे. मी सांगितलं नाही.

बुधवार, दुपारी

सगळं करून बघितलं. बंद टॅब परत आणायची बटणं दाबत बसले, भलती पानं येतात, ती ओळ नाही. हिस्टरीत शोधलं, काही नाही. घरच्या लॅपटॉपवरचं, फोनवरचं, सगळीकडचं बघितलं. एका ठिकाणी पुसलेलं सगळीकडे पुसलं जातं, हे तर मीच लोकांना कौतुकाने लिहून पाठवलं होतं.

ओळी मला आठवत नाहीत, वहीत आहेत. कांजिण्या टाइप करू? हात मोडणं? पण ती गेली ती शेवटच्या ओळीने. तीच परत लिहायला हवी. म्हणजे माझ्या हाताने माझ्या मुलीला हरवायचं. वेडी आहेस का? — पण हरवलेली मुलगी असते तरी. शोधता येते. जी नाहीच तिला कुठे शोधू?

टाइप केलं. एकेक अक्षर. ‘मुलगी शाळेतून घरी आली नाही तर कुठे कळवावं’. एंटर दाबलं.

फोन वाजला. नवरा. ओरडत होता, बुटकी शाळेतून आली नाही, बसमध्ये नव्हती, शाळेत नाही —

आणि मला आठवली. सगळी आठवली! पडलेला दात, केसांचा वास, ‘मी आहे’ म्हणणारा आवाज. मी ऑफिसात मोठ्याने हसले. फोनवाली बघतच राहिली. मुलगी हरवलीय आणि मी आनंदाने रडतेय. देवा, मी किती आनंदात होते त्या क्षणी.

गुरुवार, ४ एप्रिल

नाही सापडली. पोलिसांकडे नोंद केली. शाळा, बाग, तळं, बसचा डेपो, सगळं पालथं घातलं. घसा बसलाय. काकू दारोदार फोटो दाखवत फिरतायत. आता सगळ्यांना ती आठवते. बाई रडल्या, म्हणाल्या हुशार पोर, सगळ्यात आधी हात वर करायची.

नवऱ्याला सगळं सांगितलं. लॅपटॉप उघडून पट्टी दाखवली, ओळ कशी काढतात तेही, बटणांसकट. म्हटलं, मी पुसलं म्हणून ती पुसली गेली, तूही विसरला होतास. तो म्हणाला, नळाचं आणि कांजिण्यांचं समजू शकतो, ते मीही पाहिलं. पण मी माझ्या लेकीला विसरेन? मी? आणि तो रडायला लागला. त्याला ती कायमच आठवत होती, असंच वाटणार ना त्याला! कसं पटवून देऊ? वही दिली तर म्हणाला, नंतर वाचतो, आधी तिला शोधू.

शुक्रवार, ५ एप्रिल, सकाळ

ऑफिसात आलेय. मॅडम घरी जा म्हणतात. नाही जाणार. इथली पट्टी मला सगळ्यात आधी सांगते.

‘मु’ टाइप केला.

‘मुलीची ओळख पटवायला शवागारात काय न्यावं लागतं’

नाही. नाही. नाही.

बोटं त्या दोन बटणांवर गेली होती. काढून घेतली. मांडीखाली दाबून बसले. पुसलं तर हे दुःख राहणार नाही, पण तीही राहणार नाही. मग मी आणखी एक बाई, फाटकापाशी उभी राहणारी.

एक उपाय आहे. जे आपण जास्त वेळा टाइप करतो, ते ब्राउझर वर आणतो. दुसरं खाली जातं. साधी गोष्ट. पुसायचं नाही, नुसतं वर दुसरं आणायचं.

‘मुलगी सुखरूप घरी आली’. एंटर. ‘मुलगी सुखरूप घरी आली’. एंटर.

शुक्रवार, दुपार

बोटं सुजलीत. फोनवालीने माझा स्क्रीन बघितला, शेजारच्या कॉम्प्युटरवर बसली आणि तीही तेच टाइप करायला लागली. पलीकडे मॅडमसुद्धा. तिघी.

माझी ओळ वर सरकलीय. आधी दिसतच नव्हती, आता दुसरी आहे. फक्त ती एक वर आहे. अजून थोडं —

पोलिसांचा फोन. डेपोमागच्या जुन्या बसमध्ये एका मुलीचा आवाज ऐकू आला म्हणतात. दार अडकलंय, उघडतायत. लाल फ्रॉक. लाल फ्रॉकच होता! आवाज येतोय म्हणजे — आवाज येतोय!

टाइप करा, टाइप करा, थांबू नका —

वर आली! माझी ओळ पहिली —

नवऱ्याचा फोन. आवाज किती हलका. म्हणाला, घाबरू नकोस, मी बघितली ती भयंकर ओळ, लॅपटॉपवर. तू दाखवलंस तशी काढून टाकली. म्हटलं आपली बुटकी वाचू दे. बरं केलं ना मी?

अरे काय केलंस. अरे —

लिहून ठेवते. लवकर. वाचेन, परत आठवेल, परत टाइप करीन, परत हरवेल, परत ती ओळ येईल — असू दे, येऊ दे, पण लिहायचं —

सात वर्षांची. पुढचा दात पडलेला. लाल फ्रॉक. चिडली की नाक फेंदारते. हाक मारतो आम्ही — खरं नाव — खरं नाव शाळेच्या — कोणत्या शाळेच्या —

फोनवालीने हात थांबवलेत. विचारतेय, आपण हे काय टाइप करतोय.

उजव्या भुवईत खूण. झोक्यावरून पडली तेव्हाची. मीच धरून नेलं होतं, रक्त माझ्या साडीला — कोण पडलं होतं? माझ्या साडीला डाग कशाचा — हसली की डोळे बंद — कोण

पान ओलं का झालंय. एवढं कुणासाठी मी